वॉश दिला की पंखभर डाग: पॅनल लाइनच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची खरी कारणं

प्लॅस्टिकच्या मॉडेल विमानाचा रंग झाला, डिकल (चिन्हांचं पातळ स्टिकर) बसली, विमान नजरेत भरायला लागलं. आता फक्त पॅनलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, रेषा उठून दिसाव्यात म्हणून काळपट वॉश (खूप पातळ केलेला गडद रंग) लावला आणि अर्ध्या तासानं इअरबडनं पुसायला घेतला, तर रेषा राहिल्या बाजूला, अख्खा पंख धुरकट. पुसावं तितकं पसरतं. जोर लावला तर खालचा राखाडी रंगच बडवर येतो. मॉडेल करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही संध्याकाळ एकदा तरी येते, आणि बऱ्याच जणांवर दर दुसऱ्या-तिसऱ्या किटला येते.

माझ्यावर ती सलग तीन विमानांना आली. दरवेळी मी वॉश बदलला. आधी तयार इनॅमल वॉश, मग ऑईल कलर पातळ करून, मग पाण्याचा ॲक्रिलिक. डाग पडायचे ते पडलेच. चौथं विमान १/४८ मापाचं मिग-२१ बिस होतं. आमच्या नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तोच मिग-२१ बांधण्यासाठी, त्यामुळे हे विमान बिघडवायची माझी अजिबात तयारी नव्हती. म्हणून पहिल्यांदाच वॉशची बाटली बाजूला ठेवून मी खालचे थर तपासले, आणि दोष तिथं सापडला. तेव्हापासून दुसऱ्यांची बिघडलेली मॉडेलं हातात घेतली की मी आधी खालचा थर बघतो. दहातल्या नऊ वेळा कारण तिथंच असतं.

आधी तीन गोष्टी ठरवा

खालचा रंग कोणत्या जातीचा आहे, त्यावर क्लिअर कोट (पारदर्शक थर) आहे का आणि तो कोणत्या जातीचा आहे, आणि वॉश कशात विरघळलेला आहे. या तिन्हींची उत्तरं नक्की माहीत नसतील तर ब्रश उचलू नका.

जाती ढोबळपणे तीन. लॅकर सगळ्यात कडक, पण त्याचा थिनर (रंग पातळ करायचं द्रावक) इतर सगळ्यांना खातो. ॲक्रिलिक मधला. इनॅमल आणि ऑईल कलर मऊ, आणि त्यांचा थिनर सौम्य. चांगल्या वाळलेल्या लॅकरला किंवा ॲक्रिलिकला तो सहसा काही करत नाही. म्हणूनच वॉशसाठी इनॅमल किंवा ऑईल सोयीचं पडतं: वरचा वॉश पुसता येतो आणि खालचा रंग जागचा हलत नाही. पण खालचा रंगच इनॅमल असेल, उदाहरणार्थ हंब्रोलच्या डबीतला, तर त्यावर थेट इनॅमल वॉश देणं म्हणजे खालच्या रंगाला त्याचाच थिनर पाजणं. मध्ये ॲक्रिलिक क्लिअरची भिंत हवीच, आणि ती भिंत पूर्ण वाळलेली हवी.

चाचणी मॉडेलवर करू नका. पूर्वी आपण प्लॅस्टिकचे चमचे वापरायचो. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या चमच्यांवर बंदी आली, तेव्हापासून मी किटमधले न वापरलेले भाग, जादाची क्षेपणास्त्रं, इंधनाच्या टाक्या बाजूला ठेवतो. त्यांच्यावरही पॅनल रेषा असतात, म्हणजे चमच्यापेक्षा चाचणी खरी होते. मॉडेलला जो थर द्याल तो त्याच दिवशी या टाकीलाही द्या. वॉश आधी तिच्यावर.

अख्खा पृष्ठभाग मळतो

ही सगळ्यात मोठी तक्रार आणि हिचं कारण सगळ्यात साधं: खाली मॅट रंग आहे.

मॅट रंग डोळ्यांना सपाट दिसतो, पण भिंगाखाली तो बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो. खरखरीत असतो म्हणूनच प्रकाश विखुरतो आणि चमक येत नाही. आता वॉश कशाच्या जोरावर चालतो ते पाहा. पातळ द्रव अरुंद खाचेत आपोआप ओढला जातो. शाळेत शिकलेलं केशाकर्षण ते हेच. पण वॉशला पॅनलची रेषा आणि रंगातले सूक्ष्म खड्डे यांतला फरक कळत नाही. मॅट पृष्ठभागावर त्याला हजारो खाचा मिळतात आणि तो सगळीकडे शिरतो. टीपकागदावर शाईचा थेंब पडावा तसा. ग्लॉस, म्हणजे चकचकीत, पृष्ठभागावर मात्र जायला एकच जागा उरते, ती म्हणजे रेषा. बाहेर सांडलेला रंग वरच राहतो आणि पुसला जातो.

म्हणून वॉशच्या आधी ग्लॉस क्लिअरचे दोन-तीन पातळ थर. टामियाचा एक्स-२२ (ॲक्रिलिक), मिस्टर हॉबीचा जीएक्स-१०० (लॅकर), खालच्या रंगाला चालेल तो घ्या. मी एक्स-२२ लॅकरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून मारतो. तो खालच्या रंगाला किंचित धरतो आणि काचेसारखा पसरतो. पहिला थर मात्र फवाऱ्यासारखा हलका. पहिलाच ओला मारला तर लॅकर थिनर खालचं ॲक्रिलिक हलवू शकतो.

इथं एक फसगत आहे. बाटलीवर ग्लॉस लिहिलंय म्हणून पंखावर ग्लॉस येतोच असं नाही. एअरब्रश लांब धरला, हवेचा दाब जास्त ठेवला, किंवा एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दुपारी काम केलं तर क्लिअरचे थेंब हवेतच अर्धे वाळतात आणि वाळूसारखे पंखावर बसतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे फारच होतं. हाताला खरखर लागते, चमक अर्धवट दिसते, आणि वॉश त्यात मॅटवर शिरतो तितकाच शिरतो. तपासायची पद्धत सोपी: पंख ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. ट्यूबच्या प्रतिबिंबाची कडा स्पष्ट दिसली तर ग्लॉस पुरेसा. कडा धुरकट, तुटक दिसली तर अजून नाही. अशा वेळी २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हातानं फिरवा, पुसा, आणि जवळून, सावकाश, थोडा ओला थर द्या. काम सकाळी लवकर करा.

कॅमोफ्लाजच्या दोन रंगांच्या सीमेवर काळी रेघ उमटते तीही याच कुळातली. मास्किंग टेप काढल्यावर तिथं रंगाची बारीक पायरी राहते आणि वॉश तिला अडतो. ग्लॉस देण्याआधी ती पायरी त्याच ओल्या पेपरनं मारून घ्या. तसंच डिकलच्या कडेचं. डिकल आधी, मग ग्लॉस, मग वॉश, हा क्रम उलटू नका. डिकलखाली हवा राहिली असेल तर वॉश तिथं शिरतो आणि पारदर्शक पापुद्र्याखाली तपकिरी ढग तयार होतो. तो कुठल्याही थिनरनं बाहेर येत नाही.

डाग आधीच पडले असतील तर घाबरून घासू नका. स्वच्छ थिनरमध्ये इअरबड बुडवा, टिश्यूवर दाबून जवळजवळ कोरडा करा, आणि हवेच्या दिशेनं, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेकडे, एकदाच ओढा. बड फेकून द्या, दुसरा घ्या. एका पंखाला वीस-पंचवीस बड लागले तरी लागू द्या. त्यानंतर जे थोडं राहील ते खालच्या रंगाला मळकट छटा देतं आणि लढाऊ विमानावर ती बरेचदा शोभते. पण पांढऱ्या किंवा फिक्या राखाडी रंगात डाग खोल गेला असेल तर वेळ घालवू नका. वाळू द्या, वर मूळ रंगाचा पातळ थर मारा, मग ग्लॉस.

मॅट ठेवूनच काम करायचं असेल, रणगाड्यावर बरेच जण तसं करतात, तर एक तोड आहे. रेषेच्या आजूबाजूचा भाग आधी स्वच्छ थिनरनं ओला करा. खड्डे थिनरनं भरलेले असले की वॉशला तिथं जागा राहत नाही. तो ओला असतानाच बारीक ब्रशचं टोक रेषेला टेकवा. विमानावर मात्र मी हे करत नाही, तिथं ग्लॉसला पर्याय नाही असं माझं मत आहे.

रेषेत उतरतच नाही, मध्येच तुटतो

वॉश दाट असेल तर तो रेषेत पळत नाही, ब्रश जिथं लागला तिथंच बसतो. ऑईल कलरपासून स्वतः वॉश करत असाल तर एक भाग रंगाला दहा भाग थिनर इथून सुरुवात करा. आपल्याकडे कॅमलच्या आर्टिस्ट ऑईल ट्यूब सगळीकडे मिळतात आणि वॉशसाठी त्या पुरेशा चांगल्या आहेत. बर्न्ट अंबर आणि काळा एवढ्या दोन ट्यूबवर बरीच विमानं होतात. पण ट्यूबमधला रंग थेट थिनरमध्ये टाकू नका. आधी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर अर्धा-एक तास ठेवा. पुठ्ठा अळशीचं तेल शोषून घेतो. ते तेल राहिलं तर वॉश दिवसेंदिवस वाळत नाही आणि रेषेभोवती चिकट, चमकदार कडा राहते.

पातळ वॉशही तुटत असेल तर रेषाच बुजलेली आहे. जोड घासताना पॉलिश पेपरचा चुरा रेषेत बसतो, वर प्रायमर बसतो, वर रंग, वर क्लिअर, आणि मूळची खाच राहते नावापुरती. प्रायमरच्या आधी टॉर्च आडवी धरून प्रत्येक रेषा पाहून घ्या. सावली जिथं तुटते तिथं रेषा गेलेली आहे. स्क्रायबरनं ती पुन्हा कोरा, जुना टूथब्रश आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घेऊन धुवा. क्लिअर दिल्यावर हे लक्षात आलं तर उशीर झालेला असतो. तरी सुईच्या टोकानं हलकेच वाट मोकळी करता येते.

जुन्या साच्यांच्या किटमध्ये रेषा कोरलेल्या नसतात, उठावाच्या असतात. खाचच नाही तर वॉश बसणार कुठं? तो उठावाच्या दोन्ही बाजूंना साचतो आणि एका रेषेच्या दोन रेषा दिसतात. अशा किटवर एकतर सगळ्या रेषा नव्यानं कोरायच्या, नाहीतर वॉश सोडून टोकदार पेन्सिलीनं उठावावरून हात फिरवायचा. पेन्सिल चांगली दिसते. पाच-सहा संध्याकाळी कोरण्यात घालवण्याआधी एका पंखावर करून बघा.

पाण्याच्या वॉशचं दुखणं निराळं. गुळगुळीत ग्लॉसवर पाणी मोत्यांसारखं गोळा होतं, पृष्ठताण जास्त असल्यामुळे. वॉशमध्ये भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकला की तो पसरतो. एकच. जास्त झाला तर फेस होतो आणि वाळल्यावर बुडबुड्यांची वर्तुळं राहतात.

आणि ब्रशनं रेघ ओढू नका. ब्रशचं टोक जिथं दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथं नुसतं टेकवा. थेंब आपणहून दोन-तीन सेंटिमीटर पळतो. तो थांबला की पुढच्या छेदावर. ही पिन वॉशची पद्धत एकदा हाताला बसली की पुसायचं काम निम्म्याहून कमी होतं, आणि वर्तुळाकार कडांचे डागही पडत नाहीत, कारण ते डाग साचलेल्या डबक्याची कडा आधी वाळल्यामुळे पडतात. डबकंच होऊ दिलं नाही तर कडा येणार कुठून.

पुसताना रेषेतलाही निघतो, किंवा अजिबात निघत नाही

दोन्ही प्रश्न वेळेचे आहेत. इनॅमल वॉश लावल्याबरोबर पुसला तर रेषेतला ओला रंगही बडला चिकटून येतो. वरची चमक जाऊन तो मंद दिसायला लागला की पुसायची वेळ झाली. माझ्या खोलीत त्याला वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो, थंडीत जास्त. रेषा उथळ असेल तर मी कोरड्या बडनंच पुसतो, आणि रेषेच्या आडवा. रेषेच्या दिशेनं पुसलं तर बडचा कापूस खाचेत शिरतो.

रात्रभर राहिलेला इनॅमल वॉश थिनरनं बहुतेक निघतो. चार दिवस राहिलेला अडतो. त्याला लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था चालतं, भराभर उडून जातं, पण बडवर थेंबभरच घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि खोलीत देवघराचा दिवा, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नसेल याची खात्री करा. वाळलेला ॲक्रिलिक वॉश मात्र कशानेही सरळ निघत नाही. पाण्यानं तो पुन्हा विरघळत नाही, आणि अल्कोहोल लावलं तर खालचं ॲक्रिलिकही जातं. त्यासाठी तळहाताएवढाच भाग घ्या, दोन-तीन मिनिटांत ओल्या बडनं पुसा, मग पुढचा भाग.

सुरुवात करणाऱ्यांना मी खरं तर तिसराच प्रकार सुचवतो. मातीच्या भुकटीचा वॉश पाण्यात असतो, वाळतो, आणि दुसऱ्या दिवशीही ओलसर कापडानं निघतो. फ्लोरी मॉडेल्सचा तयार मिळतो. घरी करायचा तर पोस्टर कलर, पाणी आणि साबणाचा थेंब एवढ्यावर काम होतं. वास नाही, थिनर नाही, चूक झाली तर नळाखाली धरता येते. आमच्याकडे शाळकरी मुलं शिकायला येतात, त्यांच्या हातात मी दुसरं काही देत नाही.

रंग सुटतो, पृष्ठभाग चिकट होतो

इथं एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो दरवर्षी कुणाच्या तरी बाबतीत घडतो. वॉशचा थिनर संपला होता म्हणून मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसतं थिनर मागितलं. मिळाला तो एनसी थिनर, फर्निचरच्या पॉलिशला वापरतात तो. वॉश त्यात छान पातळ झाला. लावला, आणि दोन मिनिटांत ब्रशखाली क्लिअर, रंग, प्रायमर सगळं एकत्र होऊन प्लॅस्टिक मऊ पडलं. एनसी थिनरमध्ये टोल्युइनसारखी द्रावकं असतात आणि ती पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, सरळ विरघळवतात. तो पंख पुन्हा उभा राहिला नाही.

हार्डवेअरच्या दुकानात मागायचं ते टर्पेंटाइन. त्या नावाखाली मिळतं ते बहुतेक खनिज टर्पेंटाइन असतं, आणि ते वॉशला चालतं. पण प्रत्येक बाटलीचा एक थेंब काचेवर टाकून वाळू द्या. तेलकट डाग मागे राहिला तर ती बाटली ब्रश धुवायला ठेवा. चित्रकलेच्या दुकानातला बिनवासाचा व्हाइट स्पिरिट महाग पडतो, तरी शेवटच्या पुसण्यासाठी मी तोच वापरतो.

नावांचा दुसरा घोळ टामियाच्या बाटल्यांवर होतो. एक्स-२० हा इनॅमलचा थिनर आणि एक्स-२०ए हा ॲक्रिलिकचा. एका अक्षराचा फरक, पण एक्स-२०एमध्ये बुडवलेला बड एक्स-२२चा क्लिअर उचलतो. मी घरातल्या बाटल्यांच्या झाकणांवर ठळक मराठीत इनॅमल आणि ॲक्रिलिक असं लिहून ठेवलं आहे.

थिनर बरोबर असूनही रंग सुटत असेल तर क्लिअर पुरता वाळलेला नाही. हाताला कोरडा लागणं आणि आतून वाळणं वेगळं. मी चोवीस तास थांबतो, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. नाक जवळ नेल्यावर अजून वास येत असेल तर तो वाळलेला नाही, मग घड्याळ काहीही सांगो.

प्लॅस्टिकला तडा जातो

डाग पुसता येतो. तडा पुसता येत नाही, आणि तो बहुतेकदा दुसऱ्या दिवशी दिसतो, त्यामुळे कारण कळतच नाही.

घट्ट बसवलेला भाग ताणाखाली असतो. खुंटी भोकापेक्षा किंचित मोठी असेल तर भोकाभोवतीचं प्लॅस्टिक सतत ताणलेलं राहतं. पंख बसत नव्हता म्हणून टेप बांधून जबरदस्तीनं चिकटवला, तिथंही तेच. एरवी हे प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तसंच राहील. पण वॉशचा थिनर केशाकर्षणानं जोडातून आत शिरला की प्लॅस्टिकच्या ताणलेल्या रेणूसाखळ्यांमध्ये घुसतो, त्यांची एकमेकांवरची पकड सैल करतो, आणि ताण स्वतःला मोकळं करून घेतो. बारीक पांढरी चीर, मग आरपार. जो गुण वॉशला रेषेत नेतो तोच त्याला जोडाच्या आत नेतो. बाहेरून तिथं रंग आणि क्लिअर असतो, आतली बाजू मात्र उघडी असते.

गनप्लाची (गंडम मालिकेतल्या रोबोंची) किटं बिनगोंदाची, नुसती दाबून बसवायची असतात, त्यामुळे त्यांत हा त्रास सगळ्यात जास्त. त्यांतही एबीएस या दुसऱ्या प्लॅस्टिकचे सांधे फार नाजूक. विमानात धोका लँडिंग गिअरच्या पायांना, कारण सगळा भार त्यांच्यावर, आणि कॉकपिटच्या पारदर्शक झाकणाला, कारण पारदर्शक पॉलिस्टायरिन मुळातच ठिसूळ असतं.

उपाय किट जोडतानाच सुरू होतो. खुंट्या तासून सैल करा, भाग हातानं अलगद बसला पाहिजे. दाबून बसवायच्या किटचे भाग सुटे असतानाच वॉश द्या, आणि थिनर पूर्ण उडून गेल्यावर, म्हणजे निदान दुसऱ्या दिवशी, जोडा. जोडलेल्या भागावर वॉश ओतू नका. थेंब टेकवा, जास्तीचा लगेच कोरड्या ब्रशनं उचला. पाय, सांधे आणि झाकणाच्या चौकटीला मी थिनरचा वॉश लावतच नाही, तिथं पाण्यातला मातीचा वॉश.

तडा गेलाच असेल तर लगेच गोंद लावू नका. आत थिनर आहे तोवर चीर वाढत राहते. एक दिवस उघडं ठेवा, खुंटीचा ताण काढता आला तर काढा, मग पॉलिस्टायरिन असेल तर मॉडेलचं पातळ सिमेंट (प्लॅस्टिक विरघळवून जोडणारा गोंद) चिरेत शिरू द्या. एबीएस असेल तर त्याच्यासाठीचंच सिमेंट, नाहीतर सुपरग्लू.

काळा वॉश नको

डाग नाहीत, तडे नाहीत, रेषा अगदी रेखीव, आणि तरीही विमान खेळण्यासारखं दिसतं. ही तक्रार तांत्रिक नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

माझे मामा ओझरच्या कारखान्यात होते. मी केलेलं एक मिग त्यांना दाखवायला नेलं. फिका राखाडी रंग, वर कुळकुळीत काळ्या रेषा. त्यांनी ते खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हे शिवलंय का? विमानाला एवढ्या फटी असत्या तर ते उडलं असतं का?"

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडून पाहा. १/४८ च्या किटवर रेषा ०.२ मिलिमीटर रुंद धरली तर खऱ्या विमानावर ती ९.६ मिलिमीटरची फट झाली. १/७२ वर तीच रेषा १४.४ मिलिमीटर. म्हणजे किटवरची रेषा मुळातच कितीतरी मोठी कोरलेली असते. तिच्यात काळा भरला की ती अतिशयोक्ती दुप्पट होते. म्हणून वॉश मूळ रंगाच्या दोन-तीन छटा गडद, एवढाच. फिक्या राखाडीवर मध्यम राखाडीत थोडा तपकिरी. हिरव्यावर गडद तपकिरी. पांढऱ्यावर फिका राखाडी. काळा फक्त काळसर विमानांना, आणि तिथंही बऱ्याचदा फिका वॉश जास्त चांगला दिसतो.

सगळ्या रेषा सारख्या गडद करू नका. मामांनी मला बोट ठेवून दाखवलं होतं. मिग-२१ चा मागचा भाग इंजिन काढण्यासाठी पुढच्या भागापासून सुटतो, तो जोड खरा आणि ठळक आहे. फ्लॅप, एलेरॉन, रडर यांच्याभोवती खरी फट असते, कारण ते हलतात. इंजिनाजवळची आणि तोफेजवळची झाकणं वारंवार उघडली जातात, तिथं तेल आणि हाताचा मळ साचतो. या जागांना गडद वॉश. बाकीच्या रेषांना त्याचाच अर्धा पातळ केलेला. काही रेषा अगदी पुसून नाहीशा झाल्या तरी बिघडत नाही.

चांदीच्या रंगाचं मिग-२१ एफएल करत असाल तर अडचण वेगळी आहे. धातूच्या रंगावर ग्लॉस क्लिअर दिला की झळाळी मरते, न दिला तर इनॅमल थिनर काही धातुरंगांना उचलतो. मी तिथं क्लिअर न देता मातीचा पाण्याचा वॉश वापरतो आणि मऊ कापडानं जवळजवळ न दाबता पुसतो.

शेवटचा मॅट थर आणि पावसाळा

वॉश चांगला झाल्यावर मॅट क्लिअर मारताना तो पसरतो किंवा पुसट होतो, कारण लॅकरचा मॅट ओला मारला की तो वॉशला पुन्हा विरघळवतो. पहिले दोन थर लांबून, धुक्यासारखे, मग नेहमीचे. ऑईलचा वॉश असेल तर त्याआधी तीन-चार दिवस थांबा. ग्लॉसवर ज्या रेषा जरा भडक वाटतात त्या मॅटखाली थोड्या मवाळ होतात, तेव्हा पुसताना तेवढी सूट धरा.

जून ते सप्टेंबर, विशेषतः मुंबई-कोकणात, क्लिअर पांढरा पडतो. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ रंगात अडकते. वॉशखालच्या ग्लॉसला हे झालं तर वॉश त्या दुधाळ भागात शिरतो आणि आपण पुन्हा डागांपाशी येतो. एसीच्या खोलीत तासभर हवा कोरडी करून काम करा, क्लिअरमध्ये लेव्हलिंग थिनर वाढवा, आणि धो-धो पाऊस पडत असेल त्या दिवशी लॅकर मारूच नका. लॅकर क्लिअर आधीच पांढरा पडला असेल आणि वॉश अजून दिला नसेल, तर कोरड्या दिवशी त्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा द्या. दुधाळपणा बहुतेक वेळा डोळ्यांदेखत उतरतो. मग पुन्हा चोवीस तास, पुन्हा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि पहिला थेंब बाजूला ठेवलेल्या इंधनाच्या टाकीवर.